नदीघट

फार पूर्वी कुमुदा नदीच्या काठी शंखपूर नावाचे नगर होते. तिथे विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा कोणाला आणि का सांगितली, ते शेवटी येईलच.

वयात आल्यावर सोमिल नगरातल्या रंगाऱ्यांच्या श्रेणीचा ज्येष्ठ झाला. एका धंद्यातली माणसे एकत्र येऊन जो संघ करीत त्याला त्या काळी श्रेणी म्हणत, आणि संघाच्या प्रमुखाला ज्येष्ठ. जातककथा ऐकणाऱ्यांची अशी समजूत असते की बोधिसत्त्व प्रत्येक जन्मी सर्वांत हुशार असणार. या जन्मी तसे काही नव्हते. सोमिल हाताने कसबी होता, मनाने सरळ होता, पण गोष्टी त्याला चटकन समजत नसत. आणि एखादी समजली नाही की तो चारचौघांत तसे बोलून दाखवी. रंगारी त्याला हसत. तरी ज्येष्ठपद त्याच्याकडे आले ते याच खोडीमुळे, कारण ज्याला थापा मारता येत नाहीत त्याच्या हाती किल्ल्या द्यायला कोणी भीत नाही.

रंगाऱ्यांची कुंडे नदीलगत होती. मंजिष्ठेचा लाल आणि हळदीचा पिवळा कापडावर टिकावा म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवीत, मग रंगात. काम झाले की सगळे पाणी नदीत. नदीच्या खालच्या अंगाला करंजघाट नावाची वस्ती होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथली माणसे वाळूत वाळके लावीत. काकडीच्या जातीचे हे फळ त्या भागात फार नावाजलेले. सोमिलाची धाकटी बहीण रेवा करंजघाटातच दिली होती.

पूर्वी नदी कधी लाल वाहायची, कधी पिवळी, आणि खालचे लोक ओरड करायचे. तेव्हा श्रेणीच्या गणकाने एक युक्ती काढली. या गणकाचे नाव पुष्करक. माणूस चलाख, बोलण्यात गोड, आणि श्रेणीचे भले व्हावे असे त्याला मनापासून वाटे. त्याने कुंडांमागे खोल खड्डे खणून घेतले. रंगीत पाणी आधी त्यांत साचायचे, रंग तळाशी बसायचा, आणि वरचे निवळलेले पाणी नदीत सोडायचे. नदी स्वच्छ दिसू लागली. पुष्करकाचे घरोघर कौतुक झाले, सोमिलानेही त्याची पाठ थोपटली.

पण त्या उन्हाळ्यात रेवा भावाकडे आली ती रिकाम्या हातांनी. दरवर्षी ती वाळकांची पाटी घेऊन येई, पण गेली काही वर्षे पाटी हलकी होत चालली होती.

"दादा, यंदाही वेली करपल्या," ती म्हणाली. "पानांच्या कडा जळून जातात. चार फळं धरली ती कडूजहर. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"पाणी कसं आहे?"

"पाणी निवळशंख आहे. तेच तर कळत नाही. लाल पाणी यायचं तेव्हा तुला शिव्या तरी देता यायच्या. आता कुणाला द्यायच्या?" ती हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. "आमच्या घरच्यांनी घाट सोडायचा म्हणून ठरवलंय. सगळी वस्तीच निघायची भाषा करतेय."

"कुठे जाणार?"

"ते कुणाला ठाऊक आहे? नुसतं जायचं एवढं ठरलंय."

बहिणीची वाळू सुटणार, तिचे घर वाऱ्यावर जाणार, आणि त्यात आपला हात आहे की नाही हेच सोमिलाला कळत नव्हते. हात असता तर त्याने पाय धरले असते. नसता तर तो तिच्याबरोबर रडला असता. दोन्ही करता येईना म्हणून त्याने तिला जेवायला वाढले.

याच सुमारास राजा विजितसेन स्नानाला घाटावर गेला असता त्याला पायऱ्यांशी मेलेले मासे दिसले. तो विचारात पडला. राजवाड्यात परतल्यावर त्याने आपल्या लेखकाला बोलावून सांगितले, "नगरातल्या प्रत्येक श्रेणीमुळे नदीला किती घट येते, ती त्यांनीच मोजावी आणि माझ्यापुढे मांडावी. जी श्रेणी नदीला सर्वांत कमी घट देते, तिला मी श्वेतपताका देईन." श्वेतपताका ज्या श्रेणीच्या दारावर लागे, तिला राजवाड्याचे सगळे काम मिळे. रंगाऱ्यांच्या घरोघरी वर्षभर चूल पेटायला तेवढे पुरे होते.

राजलेखक थोडक्यात लिहिण्यात पटाईत होता. जितके शब्द कमी तितकी आज्ञा भारदस्त, असे त्याचे मत. त्याने लिहिले, 'सर्व श्रेणींनी नदीघट मोजून राजसभेत मांडणे. उत्तम श्रेणीस श्वेतपताका.' आणि दवंडी पिटली गेली.

आता 'घट' म्हटले की झीज, तूट, कमी होणे. आणि 'घट' म्हटले की पाण्याचा घडा. पहिला शब्द स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी, पण 'नदीघट मोजून मांडणे' यात लिंग कुठे शोधायचे? सोमिल चौकात उभा राहून दवंडी दोनदा ऐकून आला आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याला पहिल्यापेक्षा कमी कळले.

श्रेणीची बैठक भरली. पुष्करकाला मात्र शंकाच नव्हती.

"नदीघट म्हणजे नदीचा घट, पाण्याचा घडा," तो म्हणाला. "आपण लोकांसाठी किती पाणपोया घातल्या, किती घट भरून ठेवले, ते महाराजांना पाहायचं आहे. आपल्या पाणपोया आहेतच. आणखी घालू. घट चांगले रंगवून घेऊ, आपण रंगारी आहोत, आपल्या घटांपुढे कोण टिकणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमिल म्हणाला, "पण घट म्हणजे तूटही होते ना रे?"

सगळ्यांनी पुष्करकाकडे पाहिले.

"ज्येष्ठ," पुष्करक हसून म्हणाला, "तूट कधी कोणी सभेत मांडतं का? तूट घरात ठेवतात. मांडतात ते घट."

हशा पिकला आणि बैठक संपली. पुष्करकाला दुसरा अर्थ सुचलाच नव्हता, की सुचला आणि त्याने तो गिळला, हे सोमिलाला शेवटपर्यंत कळले नाही.

पण सोमिलाच्या डोक्यातून तो शब्द जाईना. कुंडावर काम चालू असताना त्याने पुष्करकाला पुन्हा गाठले.

"समज तूट मांडायची झाली, तर आपली किती येईल?"

"शून्य," पुष्करक म्हणाला. "जेवढं पाणी नदीतून घेतो तेवढं तिलाच परत देतो. थोडं कापडाबरोबर उन्हात वाळतं, ते कोण धरतंय? उलट पाणपोया धरल्या तर आपण भरच घालतो."

"पाणपोयांचं पाणीही नदीतूनच आणतो ना आपण?"

"हो, पण ते लोकांच्या पोटात जातं. ते पुण्यात धरायचं."

"आणि करंजघाटच्या वेली?"

"वेली करंजघाटच्या, आपल्या नाहीत. मधे गवळी म्हशी धुतात, परीट कपडे आपटतात. त्यांचं पाप आपल्या माथी कशाला? आणि ज्येष्ठ, इथे शंभर माणसांची तहान भागते, तिथे चार वेली वाळतात. एकातून दुसरं वजा करा."

सोमिल विचार करीत बसला. पुष्करकाचे एकेक उत्तर घ्यावे तर बिनचूक वाटे, सगळी एकत्र केली की हाती काहीच उरत नसे. पाणी तेवढेच परत जाते, तर मग नदीतून गेले काय? आणि काही गेलेच नसेल तर वेली का जळतात? रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या घशाची तहान रेवाच्या वेलीच्या मुळाशी कशी वजा होते? त्याने हळदीच्या कुंडात लाल कापड टाकले, तेव्हा कारागिरांनी त्याला घरी पाठवून दिले.

शेवटी त्याने कुंभाराकडून दोन घट आणले, अगदी सारखे, साधे, बिनरंगाचे. एक त्याने कुंडांच्या वरच्या अंगाला, जिथे रंगाऱ्यांचा हात लागलेला नव्हता, तिथे भरला. दुसरा भरायला तो करंजघाटला गेला. वाटेत गवळ्यांच्या आणि परटांच्या घाटांवरही त्याने पाणी चाखून पाहिले, पण जिभेला काही कळले नाही. दोन घट कशासाठी? आज्ञेत घडा म्हटला असेल तर आपल्याकडे घडे आहेत, आणि तूट म्हटली असेल तर वरचे पाणी आणि खालचे पाणी आहे. कोणताही अर्थ निघाला तरी आपली फजिती नको, एवढाच त्याचा विचार होता. उगाच शहाणपणाचे श्रेय त्याला देऊ नये.

करंजघाटात रेवाच्या दारात निजायच्या बाजा उभ्या करून दोरीने बांधल्या होत्या. छपराचे अर्धे गवत उतरवले होते.

"राजाला सांगशील ना?" तिने घट भरू लागत विचारले.

"काय सांगू रेवा? मलाच कळलेलं नाही."

"मग कळलं की सांग. सभा उठेपर्यंत आम्ही थांबतो. पुढे नाही थांबवत, दादा. शेजारची तर आजच निघाली."

सभेच्या दिवशी राजवाड्याचे अंगण घटांनी भरून गेले होते. तेल्यांनी आपल्या घटांना तेल चोपडून ते चकचकीत केले होते. लोहारांनी घटांना लोखंडी कड्या लावल्या होत्या. या लोहारांच्या भट्ट्यांपायी नदीकाठची करंजाची राई केव्हाच कोळसा झाली होती, पण घट मात्र देखणे होते. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसा सगळा प्रकार. रंगाऱ्यांचे घट सर्वांत सुंदर होते. पुष्करकाने त्यांवर कमळे काढून घेतली होती. त्या रांगेच्या टोकाला सोमिलाने आपले दोन मातकट घट आणून ठेवले, तेव्हा पुष्करकाने कपाळाला हात लावला.

राजा आला, त्याने चहूकडे पाहिले आणि तो गोंधळून गेला.

"हे काय आहे?" त्याने लेखकाला विचारले.

"नदीघट, महाराज. आज्ञेप्रमाणे."

"मी घट म्हणालो होतो."

"हे घटच आहेत, महाराज."

राजाने सभेतल्या दोन व्याकरणपंडितांकडे पाहिले. त्यांतला म्हातारा पंडित म्हणाला की नदीघट हा शब्द पुल्लिंगी असून त्याचा अर्थ घडा असाच होतो. तरुण पंडित उठून म्हणाला की तो स्त्रीलिंगी असून त्याचा अर्थ ऱ्हास होतो, आणि हे ज्याला कळत नाही त्याने पुन्हा गुरुगृही जावे. झाले. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. वाद जो सुरू झाला तो त्या दिवशी संपला नाही, दुसऱ्या दिवशीही संपला नाही. राजा उठून जाई, जेवून येई, तरी समासाचा विग्रह चाललेलाच असे. ऊन कडक होते. घट अंगणात तसेच उभे होते. ऐकून ऐकून राजालाही वाटू लागले की आपण कदाचित घडेच म्हणालो असू.

मधल्या एका विश्रांतीत राजा घट पाहत फिरू लागला आणि रंगाऱ्यांच्या रांगेच्या टोकाशी थांबला.

"हे दोन वेगळे का?"

सोमिल म्हणाला, "महाराज, एकात आमच्या कुंडांच्या वरचं पाणी आहे, एकात खालचं."

राजाने दोन्हींत वाकून पाहिले. दोन्हींत तळ स्पष्ट दिसत होता. पुष्करकाने संधी साधली. वाहत्या गंगेत हात धुवून घेणे त्याला चांगले जमत असे.

"पाहावं महाराज!" तो म्हणाला. "खालचं पाणी वरच्याइतकंच निर्मळ. रंगाऱ्यांच्या हातून नदी जशी येते तशीच पुढे जाते. घडा म्हणा की तूट म्हणा, दोन्ही अर्थांनी आमचीच श्रेणी उत्तम!"

राजाचा चेहरा उजळला. कोणत्याही अर्थाने चालणारे उत्तर मिळाले, याचा त्याला आनंद झाला. उद्या पंडितांचे ऐकून घेऊ आणि पताका रंगाऱ्यांना देऊ, असे तो प्रधानाला म्हणाला. रंगाऱ्यांनी सोमिलाला खांद्यावर घेतले. "ज्येष्ठ तर सगळ्यांचे गुरू निघाले!" असे ओरडत त्यांनी त्याला घरी नेले. सोमिलाला रडू येईल असे वाटत होते. करंजघाटच्या वेली त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग पाणी खोटे बोलत होते की वेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. खांबाला श्वेतपताका टेकवून ठेवली होती. पंडितांनी सुरुवात केली आणि सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. सोमिल आपल्या दोन घटांपाशी बसला होता. साध्या मातीचा घट पाझरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पहिला घट बाहेरून ओला होता, गडद तांबडा. दुसरा तितका गडद दिसत नव्हता. त्याच्या पोटावर पांढरट काहीतरी धरले होते. आदल्या दिवशी ते अगदी पुसट असावे, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते. सोमिलाने बोट लावले. बोटाला पांढरी भुकटी लागली. त्याने ती जिभेवर ठेवली आणि तोंड तुरट झाले.

ही चव त्याला ओळखीची होती. लहानपणापासून त्याच्या नखांत, हातांच्या भेगांत, जेवणाच्या घासात हीच चव होती. तुरटीचा खार. कुठे तरी पाणी मुरते आहे, असे आपण म्हणतो. इथे ते त्याच्या डोळ्यांदेखत मुरत होते आणि आपल्या पोटातले बाहेर ठेवून जात होते. रंगाचा गाळ खड्ड्यात राहिला. तुरटी पाण्यात विरघळलेली, ती कशी राहणार? ती निवळशंख पाण्याबरोबर करंजघाटला जाऊन वाळूत मुरत होती.

पुष्करकानेही ते पाहिले. तो वाकून पुटपुटला, "पुसा. ज्येष्ठ, पटकन पुसा. सगळे तिकडे बघताहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सोमिलाने खांद्यावरचे उपरणे हातात घेतले. एकदा हात फिरवला असता की काम झाले असते. पताका चार पावलांवर होती. मागे श्रेणीची माणसे बसली होती. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले होते, कोणाची आई अंथरुणाला होती. ती सगळी सोमिलाच्या भरवशावर होती. आणि करंजघाटात दोरीने बांधलेल्या बाजा सभा उठायची वाट पाहत होत्या.

त्या क्षणी त्याचा सगळा गोंधळ दूर झाला असे सांगता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. कोणावर दया करावी आणि कोणाला दुखवावे, ते त्याला आताही कळत नव्हते. फार वाईट वाटत होते. पण इतक्या दिवसांत एकच गोष्ट त्याला नीट कळली होती, ती त्याच्या बोटाला लागली होती, आणि कळलेली एकुलती एक गोष्ट आपल्याच हाताने पुसायची हे त्याला जमेना. त्याने उपरणे पुन्हा खांद्यावर टाकले आणि तो उभा राहिला.

"महाराज, पंडितांचं संपेपर्यंत थांबलो असतो," तो म्हणाला, "पण माझी बहीण थांबायची नाही."

सभा त्याच्याकडे वळली. पुष्करकाने डोळे मिटून घेतले.

"आज्ञेचा अर्थ मला अजून कळलेला नाही. पुल्लिंगी असेल तर हे माझे दोन घट. स्त्रीलिंगी असेल, तर या दोन घटांमधली जी घट, ती आमची. काल मी इथे उभा होतो आणि पाणी सारखंच आहे असं म्हटलं गेलं, तेव्हा गप्प बसलो, कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ही तुरटी आहे. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून तो आम्ही खड्ड्यात ठेवला. तुरटी दिसत नाही, ती नदीला दिली. करंजघाटची वाळू तिनं नासली."

राजा आसनावरून उठून खाली आला. त्याने दुसऱ्या घटावर बोट फिरवले आणि ते चाखले. त्याचे तोंड वाकडे झाले. मग त्याने पहिल्या घटावर बोट फिरवले. बोट नुसते ओले झाले. दोन्ही पंडितही पुढे येऊन पाहू लागले. खार हा शब्द निदान पुल्लिंगी आहे, यावर त्यांचे एकमत झाले.

मग राजा अंगणातल्या त्या रंगीत, चकचकीत रांगांकडे वळला.

"तेल्यांनो, लोहारांनो, तुमचे खालचे घट कुठे आहेत?"

तोंडचे पाणी पळाल्यासारखे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. लेखकाने मान खाली घातली, तेव्हा राजा त्याला म्हणाला, "तुझ्या एकट्याची चूक नाही. घट मोजा म्हणून मी सांगितलं, पण कशी मोजायची ते मलाही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी प्रत्येकानं दोन घट आणावेत, एक वरचा, एक खालचा. ते अंगणात पाझरू द्यावेत. त्यावर पंडितांनी बोलू नये."

श्वेतपताका त्या वर्षी कोणालाच मिळाली नाही. राजाने ती आपल्या हाताने गुंडाळून ठेवली. ज्याने खरे सांगितले त्याला तरी द्यावी, असे प्रधानाने सुचवले, पण सोमिलच नको म्हणाला. खार त्याच्याच कुंडातला होता.

पुढचे दिवस सुखाचे गेले नाहीत. रंगाऱ्यांनी सोमिलाला काय काय म्हटले ते इथे सांगण्यासारखे नाही. काही घरे दुसऱ्या नगरात निघून गेली, आणि जाताना त्याच्या दारावर थुंकून गेली. उरलेल्यांनी कुंडे नदीपासून दूर मुरमाड माळावर नेली. तुरटीचे पाणी ते पुन्हा पुन्हा वापरू लागले, आणि उरलेले उथळ आळ्यांत उन्हात वाळवून खाली बसलेला खार खरवडून पुन्हा कामाला घेऊ लागले. ती आळी बांधण्याची युक्ती पुष्करकाची. तो महिनाभर कोणाशी बोलला नव्हता, आणि मग एका सकाळी कुदळ घेऊन माळावर हजर झाला. सोमिलाने त्याला काही विचारले नाही.

करंजघाटची निम्मी वस्ती तोवर निघून गेली होती. रेवाने बाजा सोडल्या आणि छपरावर गवत पुन्हा चढवले. त्या पावसाळ्यात पुराने वाळू धुतली, तरी पुढच्या उन्हाळ्यात पाने करपलीच. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती डोक्यावर पाटी घेऊन भावाच्या दारात आली. सोमिलाने एक वाळूक फोडून तोंडात टाकले. ती त्याच्याकडे पाहत होती.

"अजून थोडं कडू आहे," तो म्हणाला. त्याला खोटे बोलता आले असते तर ही कथाच झाली नसती.

"असू दे कडू," रेवा म्हणाली. "वाळूक तर आहे." आणि दोघेही खळखळून हसली.

ही कथा शास्त्यांनी एका वर्षावासात, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, विहाराच्या ओसरीवर सांगितली. त्या सकाळी एक तेलाचा मोठा व्यापारी उपासक आला होता. त्याच्या घाण्यांची मळी गावच्या तळ्यात जात असे, आणि त्याने विहाराला पुष्कळ दिवे दान दिले होते. दिव्यांचे पुण्य मळीच्या पापातून वजा केले तर शिल्लक काय राहते, असे तो विचारत होता. विनयातल्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतल्या, एका शब्दावरून त्याच वेळी दोन भिक्षू मोठ्या आवाजात भांडत होते, त्यामुळे त्याचा प्रश्न धड कोणाला ऐकूही येत नव्हता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा विजितसेन म्हणजे आज माझे भिक्षापात्र उचलणारा हा भिक्षू. रेवा म्हणजे भिक्षुणीसंघातली ती वृद्ध थेरी, जी अजूनही कडू औषध हसत घेते. पुष्करक म्हणजे हा समोर बसलेला उपासक. त्याही वेळी तो वाईट नव्हता. आणि ज्याला काहीच नीट कळत नव्हते तो सोमिल मीच."

"भन्ते, आणि ते दोन पंडित?" कोणी तरी विचारले.

शास्त्यांनी भांडणाऱ्या दोन भिक्षूंकडे पाहिले. "ते इथेच आहेत. त्यांचे अजून संपायचे आहे."

ओसरीवर हसू पसरले. उपासक मात्र हसला नाही. तो उठला, त्याने वंदन केले, आणि दिव्यांविषयी पुन्हा काही न विचारता एका श्रामणेराला, नवशिक्या भिक्षूला, हळूच म्हणाला, "इथे कुंभारवाडा कुठल्या अंगाला आहे?"

जे कळले नाही ते कळले नाही म्हणावे, आणि जे कळले ते स्वतःच्या उपरण्याने पुसू नये; शास्त्यांनी त्या दिवशी याच गुणाला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हटले.